खिडकीचं माप कुणाच्या हाती?

सकाळी कामाला बसले की माझ्या स्क्रीनवर तीन विंडो लागतात. डावीकडे मूळ इंग्रजी पुस्तकाची पीडीएफ, उजवीकडे मराठी मजकुराची फाइल आणि उजव्या कोपऱ्यात खाली शब्दकोश उघडलेला ब्राउझर. अनुवाद करणाऱ्या कुणाचीही मांडणी थोड्याफार फरकानं अशीच असते. नजर डावीकडचं वाक्य उचलते, उजवीकडे आणून ठेवते, एखाद्या शब्दाशी अडली तर खाली कोशात डोकावते आणि परत येते. तिन्ही विंडो आपापल्या जागी असल्या तर हे सगळं डोळ्यांनीच होतं. त्या एकमेकींवर चढलेल्या असल्या तर दर दोन वाक्यांनी हात माउसकडे जातो आणि हातातलं वाक्य सुटतं.

बरीच वर्षं मी या विंडो हातानंच लावत आले. कडेवर माउस न्यायचा, बाणाला दोन टोकं फुटेपर्यंत जागा चाचपायची, ओढायचं, थोडं जास्त झालं की मागे घ्यायचं. लॅपटॉपला घरचा मोठा मॉनिटर जोडला की सगळं विस्कटायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. पुढे मनगट दुखायला लागलं तेव्हा एका तरुण सहकाऱ्यानं मला आठ ओळींची स्क्रिप्ट लिहून दिली. कंट्रोल, आल्ट आणि १ ही बटणं एकत्र दाबली की तिन्ही विंडो जागच्या जागी. त्या आठ ओळी का चालतात, काही वेळा का चालत नाहीत आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेल्या की मुक्या का होतात, हे शोधत गेले तेव्हा लक्षात आलं की हा विषय एका सोयीपुरता नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींनी एकाच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. प्रश्न असा, की विंडो किती मोठी असावी आणि कुठे असावी हे ठरवणार कोण?

दावेदार तीन आहेत. एक म्हणजे समोर बसलेली व्यक्ती. दुसरं ते ॲप्लिकेशन, ज्याला आपली बटणं आणि तक्ते मावतील इतकी जागा हवी असते. तिसरा विंडो मॅनेजर, म्हणजे सगळ्या विंडोंना चौकट घालून स्क्रीनवर बसवणारा भाग. स्क्रिप्ट या तिघांच्या मध्ये येते ती पहिल्याच्या वतीनं. आपण गावी नसताना जमिनीचा व्यवहार करायला एखाद्याला मुखत्यारपत्र द्यावं, तशी ती आपली मुखत्यार असते. हे मुखत्यारपत्र कोणती यंत्रणा कितपत मानते, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आधी थोडं मागे जायला हवं. १९८१ साली झेरॉक्सनं ‘स्टार’ हा कॉम्प्युटर बाजारात आणला, त्यात मुख्य विंडो एकमेकींवर चढत नसत. फरशा बसवाव्यात तशा शेजारी-शेजारी बसत. झेरॉक्सच्याच प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात एकमेकींवर चढणाऱ्या विंडो तयार झालेल्या होत्या, तरीही स्टारच्या कर्त्यांनी फरशांची मांडणी पत्करली. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीतही ॲप्लिकेशनच्या विंडो एकीवर एक ठेवता येत नव्हत्या. ती मोकळीक १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत मिळाली, आणि सगळ्यांना ती आवडली. टेबलावरच्या कागदांसारख्या विंडो कुठेही टाकाव्यात, एकीखालून दुसरी ओढून काढावी! पण टेबल आवरायचं काम त्या दिवसापासून वापरणाऱ्याच्या गळ्यात पडलं. मांडणी मशीन करत होतं तोवर स्क्रिप्टची गरजच नव्हती.

आता विंडोजकडे पाहू, कारण आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांत आणि घरांत तेच असतं. इथे मुखत्यारपत्र जवळजवळ न विचारता मान्य होतं. कुठलाही साधा प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामची विंडो शोधू शकतो, तिचे चार कोपरे विचारू शकतो आणि तिला नवे आकडे देऊ शकतो. त्यासाठीची फंक्शनं सिस्टिमच्या पोटातच आहेत. ती सामान्य माणसाच्या हाती आणण्याचं काम दोन मोफत साधनांनी केलं. जोनाथन बेनेट यांनी १९९९ मध्ये आणलेलं ‘ऑटोइट’ मुळात खूप कॉम्प्युटरांवर एकदम सॉफ्टवेअर बसवताना तेच-ते बटण दाबावं लागू नये म्हणून होतं. २००३ मध्ये ख्रिस मॅलेट यांनी ‘ऑटोहॉटकी’ सुरू केलं आणि त्यात बटणांच्या जोड्यांना काम नेमून देण्याची सोय मध्यभागी ठेवली. विंडो हलवणं आणि तिचं माप बदलणं यासाठी दोन्हींत एकच आज्ञा आहे, ‘विनमूव्ह’. तिला चार आकडे द्यायचे: डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती. काही बसवण्याची परवानगी नसलेल्या ऑफिसात हेच काम विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमधूनही करता येतं. मात्र त्यासाठी सिस्टिमचं फंक्शन हातानं जोडून घ्यावं लागतं आणि ती दहा-बारा ओळींची जोडणी नवख्याला जड जाते.

ऑटोहॉटकीबद्दल एक सावधगिरीची सूचना इथेच देते. डिसेंबर २०२२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि भाषेची घडण बदलली. जुन्या विनमूव्हमध्ये विंडोचं नाव आधी आणि आकडे नंतर येत, नव्यात आकडे आधी आणि नाव नंतर. जुनी स्क्रिप्ट कुणाकडून घेऊन नव्या आवृत्तीत चालवली तर ती पहिल्या काही ओळींतच अडते. दोष ना तुमचा असतो ना लिहिणाऱ्याचा, फक्त आवृत्ती जुळवून घ्यावी लागते.

खरी मौज आकड्यांत आहे. समजा स्क्रीन १९२० रुंद आणि १०८० उंच आहे आणि आपल्याला डावा अर्धा भाग भरायचा आहे. आकडे सोपे वाटतात: शून्य, शून्य, ९६०, १०८०. चालवून पाहिलं तर विंडोची खालची कड टास्कबारखाली गेलेली दिसते आणि डावीकडे, उजवीकडे बारीक फट राहते. टास्कबारचा उलगडा लगेच होतो. विंडोज ११ मध्ये साध्या मोजमापात तो ४८ पिक्सेल घेतो, म्हणून उंची १०३२ धरायची. फटीनं मात्र मला एक अख्खी दुपार छळलं. विंडोज १० पासून विंडोच्या डाव्या, उजव्या आणि खालच्या कडेला एक न दिसणारी पट्टी असते, सुमारे ७ पिक्सेलची. माउसनं पकडायला जागा असावी म्हणून ती ठेवली आहे. सिस्टिम माप सांगते ते ही पट्टी धरून. त्यामुळे डावी फट घालवायची तर सुरुवात शून्याऐवजी उणे ७ पासून करायची, रुंदी ९६० ऐवजी ९७४ द्यायची आणि उंचीत ७ मिळवायचे. हे आकडे बसले तेव्हा पीडीएफची कड आणि माझ्या मजकुराची कड एकमेकींना अशी टेकली, की मधे केसाचीही फट नव्हती. शिवणकाम करणाऱ्यांना हे समाधान ठाऊक असेल. शिलाईसाठी सोडलेलं कापड मापात धरलं नाही तर ब्लाउज अंगात बसत नाही.

लॅपटॉपवर अक्षरं मोठी दिसावीत म्हणून १२५ किंवा १५० टक्के मोजमाप ठेवलेलं असतं आणि जोडलेल्या मॉनिटरवर १०० टक्के. विंडो एकीकडून दुसरीकडे नेली की ॲप्लिकेशनला कळतं, अरे, मोजमाप बदललं, आणि ते आपलं माप स्वतःच पुन्हा ठरवतं. स्क्रिप्टनं नुकतंच दिलेलं माप त्यात पुसलं जातं. यावर अनुभवी लोकांचा तोडगा सरळ आहे: तीच आज्ञा दोनदा द्यायची. पहिलीनं विंडो पलीकडे जाते, दुसरीनं नीट बसते. डावीकडे ठेवलेल्या दुसऱ्या मॉनिटरवर आकडे उणे होतात, हेही लक्षात ठेवावं. मुख्य मॉनिटरचा डावा वरचा कोपरा म्हणजे शून्य, त्याच्या डावीकडचं सगळं ऋण.

काही विंडो मुळीच ऐकत नाहीत. त्यामागे कारणं असतात आणि ती कळली की चिडचिड कमी होते. विंडो पूर्ण मोठी केलेली असेल तर आधी तिला मूळ स्थितीत आणावं लागतं, मग माप द्यायचं. एखादा प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारानं चालू असेल तर साध्या अधिकाराची स्क्रिप्ट त्याला हात लावू शकत नाही. विंडोज विस्टापासून हा नियम आहे आणि योग्यच आहे. आणि काही ॲप्लिकेशन स्वतःच किमान माप सांगून ठेवतात. माझ्या परिचयातले एक हिशेबनीस दर महिन्याच्या २० तारखेआधी जीएसटीचं विवरण भरताना एका बाजूला हिशेबाचा प्रोग्राम आणि दुसऱ्या बाजूला सरकारी पोर्टल ठेवतात. त्यांच्या जुन्या हिशेबाच्या प्रोग्रामची रुंदी अर्ध्या स्क्रीनइतकी कमी होतच नव्हती. विंडोजनं त्याला विचारायचं, किती लहान होशील? त्यानं सांगायचं, एवढाच. तिथे मुखत्याराचा इलाज नाही. शेवटी त्यांनी पोर्टललाच कमी जागा दिली आणि ब्राउझरमधली अक्षरं ८० टक्क्यांवर आणली.

वेळेचाही प्रश्न असतो. स्क्रिप्टनं प्रोग्राम उघडायला सांगितला आणि लगेच पुढच्या ओळीत माप दिलं, तर विंडो अजून उगवलेलीच नसते. आधी तिची वाट पाहायची, मग आज्ञा द्यायची. काही प्रोग्राम उघडल्यावर क्षणभरानं स्वतःची मागची जागा आठवून तिथे जाऊन बसतात. त्यांच्यासाठी अर्धा सेकंद जास्त थांबावं लागतं.

पण मराठीत काम करणाऱ्यांना जी अडचण येते तिच्याबद्दल कुठेच लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. स्क्रिप्टला विंडो ओळखायची असते, आणि ओळखायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे शीर्षक. वर्डमध्ये उघडलेल्या फाइलचं नाव शीर्षकात दिसतं. माझी एक फाइल ‘दुसऱ्या आवृत्तीसाठी’ या नावाची होती. स्क्रिप्टमध्ये मी तेच नाव लिहिलं, विंडो बरोबर हलली. पुढच्या आठवड्यात प्रकाशकाकडून सुधारलेली फाइल आली, नाव अक्षरशः तेच. स्क्रिप्ट ढिम्म. चूक दाखवणारी खूणही नाही. मी नाव चार वेळा वाचलं, कॉपी केलं, मोठं करून पाहिलं. दिसायला तसूभर फरक नव्हता.

फरक होता तो ‘ऱ्या’मधल्या अर्ध्या र-मध्ये. हा र कॉम्प्युटरच्या आत तीन तऱ्हांनी लिहिला जातो. पहिली तऱ्हा: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त. दुसरी: साधा ‘र’, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तिसरी, जुन्या कीबोर्डांवर रुळलेली: साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. स्क्रीनवर तिन्हींतून एकच ‘ऱ्या’ उमटतो. पहिल्या दोन तऱ्हा एकच मानाव्यात असं युनिकोडचा नियम सांगतो, पण विंडो शोधणारी स्क्रिप्ट तो नियम लावून पाहत नाही, ती क्रमांकाशी क्रमांक ताडते. तिसरी तऱ्हा तर त्या नियमातही पहिल्या दोघींशी जुळत नाही. ‘सातबाऱ्याचा उतारा’, ‘शेतकऱ्यांची यादी’, ‘कर्मचाऱ्यांचे पगार’ अशा नावांच्या फाइली आपल्या ऑफिसांत किती असतात! या सगळ्या नावांत हा खड्डा आहे.

यातून बाहेर पडायला दोन वाटा आहेत. शीर्षकातला असा भाग निवडायचा ज्यात हे अक्षर नाही. माझ्या उदाहरणात नुसतं ‘आवृत्तीसाठी’ पुरलं असतं. इथेही आवृत्तीचा फरक पडतो: ऑटोहॉटकीच्या जुन्या आवृत्तीत शीर्षकाची सुरुवात जुळावी लागते, नवीत शीर्षकात कुठेही तो शब्द असला तरी चालतो. दुसरी आणि चांगली वाट म्हणजे शीर्षकाच्या नादी न लागता विंडोच्या वर्गनावावरून ओळखायचं. प्रत्येक विंडोला असं एक आतलं नाव असतं आणि ते भाषेवर अवलंबून नसतं. वर्डच्या विंडोचं वर्गनाव आजही ‘ओपसॲप’ आहे, कारण वर्ड विंडोजसाठी बनत होतं तेव्हा त्या कामाचं आतलं नाव ‘ओपस’ होतं. एक्सेलचं ‘एक्सएलमेन’. ही नावं ऑटोहॉटकीसोबत येणाऱ्या ‘विंडो स्पाय’मध्ये पाहायला मिळतात. प्रोग्रामच्या फाइलनावानंही ओळखता येतं, पण तिथे कॅल्क्युलेटरसारखी नव्या घडणीची ॲप्स फसवतात, त्यांची चौकट दुसऱ्याच एका सामायिक प्रोग्रामच्या नावावर असते. आणि जुन्या ऑटोहॉटकीत स्क्रिप्टमध्ये देवनागरी लिहायची असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये, सुरुवातीच्या खुणेसह जतन करायला विसरू नका. ती खूण नसली तर तुमचा मराठी शब्द तिच्या दृष्टीनं निरर्थक चिन्हांची रांग असतो.

मॅकवर मुखत्यारपत्रावर सही लागते. ॲपलस्क्रिप्ट १९९३ पासून आहे आणि वाचायला इंग्रजी वाक्यासारखी आहे. सफारीला सांगायचं, तुझ्या पहिल्या विंडोच्या सीमा अमुक कर. इथे चार आकडे येतात ते वेगळ्या अर्थाचे: डावी कड, वरची कड, उजवी कड, खालची कड. विंडोजच्या सवयीनं शेवटचे दोन आकडे रुंदी-उंची म्हणून दिले की विंडो भलत्याच आकाराची होते, आणि नवख्यांची हीच पहिली चूक असते. ज्या ॲपना ॲपलस्क्रिप्ट कळत नाही, त्यांच्यासाठी ‘सिस्टिम इव्हेंट्स’मार्फत जावं लागतं, आणि तिथे आकडे जागा व माप अशा दोन जोड्यांत द्यायचे असतात.

ही दुसरी वाट कुठून गेली आहे हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दृष्टिहीन किंवा हात नीट न चालणाऱ्या व्यक्तींना कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून बांधलेल्या सुगम्यतेच्या यंत्रणेतून ती जाते. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला बटणं कुठे आहेत हे कळावं लागतं, त्यासाठीच बांधलेल्या दारातून विंडो हलवणारी सगळी मॅक-साधनं ये-जा करतात. ल्युआ भाषेत स्क्रिप्ट लिहू देणारं ‘हॅमरस्पून’ घ्या किंवा तयार ‘रेक्टँगल’ घ्या, पहिल्यांदा चालवताना सेटिंगमध्ये जाऊन सुगम्यतेच्या यादीत त्या ॲपला परवानगी द्यावी लागते. २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून एका ॲपनं दुसऱ्याला आज्ञा द्यायची झाली तरी निराळी संमती विचारली जाते. संमतीच्या या चौकटी पहिल्या दिवशी कंटाळा आणतात. पण कोणाला अधिकार दिला आहे याची यादी एका जागी दिसते आणि नको असेल तेव्हा काढून घेता येते. माझ्या मते तिन्ही यंत्रणांत ही व्यवस्था सगळ्यात न्यायाची आहे.

परवानगी का मागावी लागते, याचं उत्तर ब्राउझरच्या इतिहासात आहे. एके काळी कुठलंही वेबपान जावास्क्रिप्टच्या एका ओळीनं तुमच्या ब्राउझरची विंडो लहान-मोठी करू शकत असे. जाहिरातवाल्यांनी त्याचा असा काही उपद्रव मांडला, की विंडो आपोआप स्क्रीनभर होत, पळत, थरथरत. आज ती ओळ लिहिली तरी ब्राउझर तिच्याकडे दुर्लक्ष करतो. पानानं स्वतः उघडलेल्या, एकच टॅब असलेल्या विंडोपुरतीच ती चालते. ज्यांना वेबसाइटची चाचणी करायची आहे ते आता सेलेनियमसारख्या साधनांतून ब्राउझरला बाहेरून माप देतात, आणि ते रास्त आहे, कारण ते साधन वापरणाऱ्यानं स्वतः चालवलेलं असतं. अशा चाचणीचं एक उदाहरण देते. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत एक कसोटी अशी आहे की ३२० पिक्सेल रुंदीत मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा. १२८० रुंदीची विंडो करून पान ४०० टक्के मोठं केलं की नेमकी तीच स्थिती येते. मराठी वृत्तपत्रांच्या आणि सरकारी कार्यालयांच्या वेबसाइट बनवणाऱ्यांनी ही कसोटी एका स्क्रिप्टमध्ये बांधून रोज चालवावी. अंधुक दिसणाऱ्या ज्येष्ठांना आपली पानं वाचता येतात का, हे त्यातून लगेच कळेल.

लिनक्सची गोष्ट सगळ्यात मोठी आणि मला सगळ्यात अस्वस्थ करणारी आहे. १९८४ मध्ये एमआयटीत एक्स विंडो सिस्टिमचं काम सुरू झालं आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. ती पुढे तीन दशकांहून जास्त काळ टिकली. एक्सनं ठरवलं होतं की आपण फक्त सोय पुरवायची, विंडो कशा दिसाव्यात आणि कुठे बसाव्यात हा निर्णय आपला नाही. त्यामुळे विंडो मॅनेजर हा वेगळा, हवा तेव्हा बदलता येणारा प्रोग्राम झाला, आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना रान मोकळं मिळालं. ‘डब्ल्यूएम-सीटीआरएल’ हे छोटंसं साधन टर्मिनलमधून एका ओळीत विंडो शोधतं, हलवतं, तिचं माप बदलतं. जॉर्डन सिसेल यांचं ‘एक्सडूटूल’ याहून पुढे जातं, बटणं दाबल्याचा आणि माउस हलवल्याचा आभासही निर्माण करतं. कोणाची परवानगी नाही, कुठली खास भाषा नाही. साधी शेल स्क्रिप्ट लिहिता येणारा कुणीही आपलं टेबल आपल्या मनासारखं लावू शकत होता.

खाचखळगे इथेही होते. विंडोची जागा विचारून तीच परत दिली, तर काही विंडो मॅनेजरांत ती प्रत्येक वेळी शीर्षकपट्टीच्या उंचीइतकी खाली सरकते, कारण विचारताना चौकट वगळून उत्तर मिळतं आणि देताना चौकट धरली जाते. टर्मिनलच्या विंडोला ९६० पिक्सेल रुंदी मागितली तर थोडी कमी मिळते, कारण ती अक्षराच्या रुंदीच्या पटीतच वाढते. पूर्ण मोठी केलेली विंडो आधी मोकळी करावी लागते, आडवी आणि उभी दोन्ही दिशांनी. पण हे सगळे अडथळे कळण्यासारखे होते आणि त्यांवर उत्तरं होती.

मग एक्सच्या जागी वेलँड आलं. क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये त्याची सुरुवात केली. कारण खरं होतं: एक्समध्ये एक प्रोग्राम दुसऱ्यात टाइप होणारं प्रत्येक अक्षर वाचू शकतो, पासवर्डसुद्धा. वेलँडनं प्रत्येक प्रोग्रामला स्वतःच्या खोलीत कोंडलं. विंडोला आपण स्क्रीनवर कुठे आहोत हेदेखील कळत नाही, मग दुसरीला हलवणं दूरच. लिनक्सच्या ‘उबुंटू’ वितरणानं २०२१ मध्ये वेलँड नेहमीसाठी मुख्य केलं आणि २०२५ च्या ऑक्टोबरमधल्या आवृत्तीत ‘गनोम’ या डेस्कटॉपसाठी एक्सचं सत्र काढूनच टाकलं. त्या दिवशी अनेकांच्या वर्षानुवर्षं जपलेल्या स्क्रिप्ट निकामी झाल्या. डब्ल्यूएम-सीटीआरएल तिथे चालवलं तर फक्त जुन्या पद्धतीच्या, मधल्या थरातून चालणाऱ्या विंडो दिसतात. बाकीच्या जणू नाहीतच.

मुखत्यारपत्र इथे अगदीच रद्द झालेलं नाही. ते आता ज्याच्या-त्याच्या घरच्या कारभाऱ्याकडे मागावं लागतं. ‘केडीई’ या दुसऱ्या डेस्कटॉपवर जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट विंडो मॅनेजरच्या आतच चालते आणि चांगली चालते, शिवाय अमुक ॲप उघडलं की अमुक मापात, असे नियम स्क्रिप्टशिवायही लावता येतात. ‘स्वे’ आणि ‘हायपरलँड’ या मांडणी आपोआप करणाऱ्या यंत्रणा टर्मिनलमधून आज्ञा घेतात. गनोममध्ये मात्र त्यासाठी विस्तार लिहावा लागतो, आणि बाहेरून आज्ञा पाठवण्याची जी एक वाट होती ती २०२१ च्या ४१ व्या आवृत्तीत बंद झाली. परिणाम असा, की केडीईवर लिहिलेली स्क्रिप्ट गनोमवर शून्य आणि गनोमचा विस्तार स्वेवर शून्य. एक्सच्या काळात एक ओळ सगळीकडे चालत होती.

सुरक्षेचं कारण मला पटतं. पासवर्ड चोरता येईल अशी यंत्रणा कुणालाच नको. पण पासवर्ड वाचणं आणि विंडो दोन बोटं डावीकडे सरकवणं या दोन गोष्टी एका मापानं मोजायचं कारण नाही. मॅकनं दाखवून दिलं आहे की वापरणाऱ्याला एकदा विचारून, त्याच्या संमतीनं हा अधिकार देता येतो आणि परतही घेता येतो. वेलँडच्या सगळ्या घराण्यांनी मिळून असं एक सामायिक दार बांधायला हवं. ज्यांच्या बोटांना माउस ओढणं जमत नाही, ज्यांना अक्षरं दुप्पट मोठी करून वाचावी लागतात आणि त्यासाठी प्रत्येक विंडोला ठरावीक जागा लागते, त्यांच्यासाठी ही चैनीची बाब नाही. मनगटाला पट्टा बांधून काम केलेले ते चार महिने मला आठवतात आणि मी हे आग्रहानं लिहिते.

तयार सोयींबद्दल थोडक्यात. विंडोजचं बटण आणि बाण दाबून अर्धी स्क्रीन भरणं २००९ च्या विंडोज ७ पासून आहे, विंडोज ११ मध्ये मांडणीचे तयार नमुने मिळतात आणि मायक्रोसॉफ्टच्याच मोफत पॉवरटॉइजमधल्या ‘फॅन्सीझोन्स’मध्ये स्वतःचे कप्पे आखता येतात. मॅकनं अशी सोय २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीत आणली. तुम्हाला अर्धा-अर्धा किंवा पाव-पाव भाग पुरत असेल तर स्क्रिप्टच्या वाटेला जाऊ नका, या सोयी उत्तम आहेत. स्क्रिप्ट लागते ती रोज त्याच तीन-चार प्रोग्रामची तीच मांडणी हवी असते तेव्हा, किंवा माहितीपुस्तिकेसाठी प्रत्येक चित्र नेमकं १२८० बाय ७२० चं हवं असतं तेव्हा.

लिहायला घ्याल तेव्हा पक्के पिक्सेल लिहू नका. स्क्रीनचं उपलब्ध क्षेत्र आधी विचारा आणि त्याचा अर्धा, तृतीयांश असा हिशेब स्क्रिप्टलाच करू द्या. मॉनिटर बदलला तरी ती चालेल. विंडो शक्यतो वर्गनावावरून ओळखा. माप दिल्यावर ते खरोखर लागलं का हे परत विचारून पाहा.

आणि पहिली स्क्रिप्ट कोणती, असं विचाराल तर हरवलेल्या विंडो परत आणणारी लिहा. दुसरा मॉनिटर काढून घेतल्यावर काही विंडो न दिसणाऱ्या जागी अडकून पडतात. प्रोग्राम चालू असतो, टास्कबारवर चिन्ह असतं, पण स्क्रीनवर काही नसतं. सगळ्या विंडोंची यादी घ्यायची, जी पूर्णपणे स्क्रीनच्या बाहेर आहे तिला शून्य-शून्यवर आणून ८०० बाय ६०० चं माप द्यायचं. ऑटोहॉटकीत एवढ्याला दहा-बारा ओळी पुरतात, आणि एका रविवारच्या सकाळी त्या लिहून होतात.